भिंतीला हात लावू नका

आमच्या डोंबिवलीच्या घरमालकांना मी भिंतीला टेकलेलं कधी पाहिलं नाही. उभे राहिले तरी भिंतीपासून वीतभर लांब. समोरचा माणूस बोलता बोलता भिंतीला खांदा लावतोय असं दिसलं, की स्वतःचं वाक्य अर्धवट सोडून म्हणायचे, "जरा पुढे या." माणसाला वाटायचं, यांना काहीतरी खासगीत सांगायचंय. तो पुढे यायचा. मालक त्याच्या मागच्या भिंतीवरून एकदा नजर फिरवायचे, आणि मग राहिलेलं वाक्य पुरं करायचे.

डोंबिवली पूर्वेला तीन मजली जुनी इमारत, लिफ्ट नाही, आणि दुसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन फ्लॅट. दोन्ही त्यांचेच. एकात ते आणि काकू राहायचे, दुसऱ्यात आम्ही भाड्याने. आम्ही म्हणजे मी, माझा नवरा निखिल आणि आमची मनू. आम्ही राहायला गेलो तेव्हा मनू नुकती रांगायला लागली होती. मालक सरकारी नोकरीतून निवृत्त झाले होते. खात्यात ते नेमकं काय करायचे हे मला शेवटपर्यंत कळलं नाही, पण काहीतरी तपासत असावेत. तपासण्याशिवाय दुसरं काही करताना मी त्यांना पाहिलं नाही.

घर दाखवायला आले तेव्हा मनू माझ्या कडेवर होती. तिच्याकडे बघून त्यांनी विचारलं, "मुलगा की मुलगी?"

"मुलगी."

"मग हरकत नाही. मुली भिंतीवर लिहीत नाहीत."

मी हसले. मला वाटलं विनोद आहे. एवढ्यात मनूने त्यांच्या हातातला किल्ल्यांचा जुडगा ओढून तोंडात घातला. कुठलाही आजोबावजा माणूस अशा वेळी "अगं अगं, घाण असते ती" असं म्हणतो. मालकांनी किल्ली तिच्या तोंडातून अलगद सोडवली, खिशातून रुमाल काढला आणि किल्ली पुसली. "पितळ आहे," ते मला म्हणाले. "लाळेने काळं पडतं."

त्याच दिवशी त्यांनी मला त्यांचं आवडतं वाक्य ऐकवलं, "घर वापरायचं नसतं, राखायचं असतं." मला तो सुविचार वाटला होता. ती अट होती.

घर छान होतं यात वाद नाही. भरपूर उजेड, मागे कुणाच्या तरी वाडीतलं एक आंब्याचं झाड, आणि दारं सगळी सागवानी. मालकांनी तरुणपणी कुठल्याशा वखारीतून लाकूड निवडून आणून, स्वतः सुतारासमोर उभं राहून ती करून घेतली होती. फरशी राजस्थानची. फरशीबद्दल बोलताना त्यांचा आवाज खाली यायचा, जसा काही लोकांचा देवाबद्दल बोलताना येतो. हॉलच्या छताला एक भक्कम हूक होता. मनूची झोळी तिथे बांधू का, असं मी विचारलं.

"हूक आहे म्हणजे टांगायचंच, असं कुठे आहे?" ते म्हणाले.

झोळी मग आम्ही कधीच बांधली नाही. कॅलेंडरही जमिनीवर उभं ठेवायचो. खिळा मारायचा नव्हता, चिकटपट्टी लावायची नव्हती, उदबत्ती भिंतीजवळ लावायची नव्हती. फोडणीचा धूर होतो म्हणून मोहरी झाकण ठेवून तडतडवा, असंही एकदा सांगून गेले. दर शुक्रवारी सकाळी ते पाहणीला यायचे. चपला बाहेर काढून, अनवाणी, हातात टॉर्च. भर उजेडात टॉर्च कशाला, तर तिरप्या प्रकाशात ओरखडे दिसतात म्हणून. भिंतीला टॉर्च लावून एक डोळा मिटून उभा असलेला तो माणूस आठवला की आजही मला हसू येत नाही, तिडीक येते.

एक वर्षाच्या आसपासचं मूल घरात असणं म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात असतं त्यांना सांगायला नको. त्या वयात मूल दिवसभर जगाची परीक्षा घेत असतं. हे पडतं का, हे फाटतं का, हे चवीला कसं लागतं. मनू सकाळी उठली की आधी डबे वाजवायची, मग चपला चाटायची, मग माझ्या मांडीवर बसून माझ्या लॅपटॉपची बटणं दाबायची. मी एका कंपनीचं काम घरून करायचे, आणि माझ्या साहेबांना तिने पाठवलेले अगम्य मेसेज गेले नाहीत असा आठवडा जायचा नाही. भाताची शितं तिच्या केसांत, माझ्या केसांत, उशीखाली. या सगळ्यात मला हसायला वेळ होता, रडायला वेळ होता. पण भिंती राखायला नव्हता.

मालकांनी मनूची वाढ मोठ्या बारकाईने पाहिली. फक्त त्यांचा हिशेब वेगळा होता. ती झपाट्याने रांगायला लागली तेव्हा म्हणाले, "आता खालची पट्टी गेली." धरून उभी राहिली तेव्हा म्हणाले, "आता भिंती." तिने पहिलं पाऊल टाकलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी जिन्यात त्यांना उत्साहाने सांगितलं, "काका, मनू काल चालली! सोफ्यापासून माझ्यापर्यंत!"

ते क्षणभर विचार करून म्हणाले, "दारं सांभाळा."

तिच्या खाण्यातही त्यांचं लक्ष असायचं. मी तिला बीट उकडून देते हे त्यांना कसं कळलं कोण जाणे, बहुधा कचऱ्याच्या डब्यात सालं दिसली असावीत. दार वाजवून आले. "बीट कशाला देता?"

"रक्त वाढतं ना काका. डॉक्टरांनी सांगितलंय."

"काकडी द्या. काकडीला रंग नसतो." जाता जाता जिन्याच्या कठड्यापाशी थांबले. "आणि वरणात हळद जरा कमी."

तेलाचंही तसंच. मनूला अंघोळीआधी खोबरेल चोळायचे मी. वास जिन्यात जायचा.

"तेल लावता का?"

"हो, मनूला."

"फरशीवर?"

"नाही काका, मनूला."

"म्हणजे फरशीवरच," ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा दारात आणून ठेवला.

मनूचा पहिला वाढदिवस. निखिलच्या ऑफिसातले चार मित्र, माझी बहीण, इमारतीतली दोन कुटुंबं. मालकांना आणि काकूंना बोलावलं होतंच. भिंतीला काही चिकटवायचं नाही म्हणून फुगे आम्ही खुर्च्यांना बांधले होते. मालक सगळ्यांच्या आधी आले. मनूच्या डोक्यावर हात ठेवला नाही, तिच्याकडे पाहिलंही नाही. हॉलच्या लांब भिंतीपाशी जाऊन, भिंतीकडे पाठ करून उभे राहिले आणि दोन्ही हात किंचित पसरले, कबड्डीत उभे राहतात तसे. पाहुण्यांनी भिंतीला टेकू नये म्हणून. पूर्ण संध्याकाळ. केक कापला, मुलं नाचली, मनू टोपी फेकून रडली, आणि हा माणूस तिथेच उभा. पावभाजीच्या दोन प्लेटी मात्र उभ्याउभ्या व्यवस्थित खाल्ल्या, त्याही हनुवटीखाली रुमाल धरून. निखिलचा एक मित्र मला हळूच म्हणाला, "काकांना कंबरेचा त्रास आहे का गं? बसत का नाहीत?"

जाताना त्यांनी भेट दिली. वर रंगीत कागद, गुलाबी रिबीन. आत रबरी चटई होती. "मनूसाठी," ते म्हणाले. "खाली अंथरायला."

काकू त्यांच्या अगदी उलट, असं म्हणणं सोपं आहे. पण काकू त्यांच्या उलट नव्हत्या, त्यांना सरावल्या होत्या. त्यांच्या घरात सोफ्यावर प्लास्टिक होतं आणि काकू स्वयंपाकघरात एका स्टुलावर बसायच्या. एकदा मला म्हणाल्या, "आमच्याकडे वस्तू बसतात, माणसं उभी राहतात." हे त्या तक्रारीच्या सुरात बोलल्या नाहीत. घराचा पत्ता सांगावा तसं सांगितलं.

पण दुपारी मालक झोपले की काकू आमच्याकडे यायच्या. चप्पलही घालायच्या नाहीत, आवाज होईल म्हणून. मनूला त्यांचा पायरव कळायचा. दाराकडे बोट करून ती "काऊ, काऊ" असं ओरडायची. काकूचं काऊ झालं होतं. मग काकू जमिनीवर बसायच्या, पाय लांब करायच्या, आणि पाठ आणि डोकं सरळ आमच्या भिंतीला टेकायच्या. पहिल्यांदा टेकल्या तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. कुणी बाहेरून आल्यावर थंड पाणी प्यावं, तसा त्यांचा चेहरा झाला. मनू त्यांच्या पायांवरून चढायची, उतरायची, त्यांच्या बांगड्या मोजल्यासारख्या करायची. काकू तिला बडबडगाणी म्हणून दाखवायच्या. एका पावसाळी दुपारी मला दिसलं की त्यांचं डोकं जिथे टेकतं, तिथे भिंतीवर खोबरेल तेलाचा एक गोल डाग पडलाय. त्या घरातला पहिला डाग मनूने नाही, मालकिणीने पाडला होता. मी खेळण्यांचा उंच डबा त्या जागी सरकवला आणि शुक्रवार निभावला.

त्यांची मुलगी वृंदा ठाण्याला राहायची, नौपाड्यात. डोंबिवलीहून ठाणं असं कितीसं लांब! पण ती वर्षातून दोनदाच यायची, जेवायला, आणि जेवून जायची. तिला चार वर्षांची मुलगी होती. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, मुलीला बरं नाहीये. पोर आईच्या मांडीवरून खाली उतरतच नव्हती. मग लक्षात आलं, उतरू दिलं जात नव्हतं. निघताना वृंदा आमच्याकडे डोकावली. आमच्या हॉलभर खेळणी, मनू एका पातेल्यात बसलेली.

"तुम्ही इथे कशा राहता हो?" तिने विचारलं. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "माझ्या लहानपणी मला रंगपेटी फक्त गच्चीवर उघडायची परवानगी होती. आईला कितीदा म्हटलं, ये राहायला. ती म्हणते, घर कोण बघणार?"

आता त्या कडीबद्दल सांगते.

बेडरूमच्या सागवानी दाराला आतून दोन पितळी कड्या होत्या, एक वर, एक अगदी खाली. खालची कडी सरकवली की जमिनीतल्या भोकात जाऊन बसायची. मालक दर महिन्याला स्वतः येऊन तिला मशीनचं तेल द्यायचे. इतकं, की करंगळी लावली तरी ती सुर्रकन खाली उतरायची. आणि मनूला त्या दिवसांत दारं लोटण्याचं वेड लागलं होतं. दार लोटायचं, मागे लपायचं, "भॉक" करायचं. चकाकणारी कडी नेमकी तिच्या हाताच्या उंचीवर.

मी मालकांकडे गेले. "काका, खालची कडी आम्ही काढून तुमच्याकडे देतो. आम्ही घर सोडलं की परत लावा."

"जोडी आहे ती."

"पण हिने आतून लावली तर?"

"तर लावायची नाही म्हणून शिकवा."

"ती एक वर्षाची आहे काका."

"शिकवायचं वय तेच," ते म्हणाले आणि दार लावून घेतलं. स्वतःचं दार लावताना ते मूठ धरायचे, फळीला हात लावायचे नाहीत.

मी मग जुन्या ओढणीची एक पट्टी फाडली आणि कडी वरच्या बाजूला घट्ट बांधून टाकली. मनूने दोन दिवस ओढून पाहिली, नाद सोडला. मीही निर्धास्त झाले.

त्या शुक्रवारी मालक पाहणीला आले तेव्हा मी गॅलरीत मनूचे कपडे वाळत घालत होते. निखिलनेच त्यांना दार उघडलं, आणि ते असतानाच तो ठाण्याला ऑफिसला निघून गेला. मालक कधी गेले मला कळलंही नाही.

दुपारी बाराच्या सुमाराला मनू बेडरूममध्ये कपड्यांची टोपली उपसत होती. त्या दिवसांत पाणी दिवसाआड यायचं, म्हणून बेडरूमला लागून असलेल्या बाथरूममध्ये मी बादल्या काठोकाठ भरून ठेवल्या होत्या. बाथरूमचं दार नुसतं लोटलेलं. कुकरची शिट्टी झाली. गॅस बारीक करायला मी स्वयंपाकघरात गेले, गॅसच्या बटणाला हात लावला, आणि मागून दार आपटल्याचा आवाज आला. त्याच्यापाठोपाठ सुर्रकन, खट.

तो आवाज मला कळायला वेळ लागला नाही.

"मनू! बाळा, दार उघड!"

आतून हसू. "भॉक!" तिने दारावर दोन थापा मारल्या. तिला वाटलं मी खेळतेय. मग थापा थांबल्या. मनूच्या पायांत घुंगरांचे वाळे होते. ते छुम छुम करत दारापासून लांब गेले. बाथरूमच्या दिशेने.

मी समोरचं दार बडवलं. काकू आल्या, मागून मालक. मी काय बोलले ते मला नीट आठवत नाही. कडी, बादली, मनू, एवढंच सुसंगत निघत असावं. मालक दारापाशी गेले, वाकले, खालच्या फटीतून पाहिलं. उभे राहिले.

"कडी बसलीये," ते म्हणाले.

"काका, दार तोडावं लागेल."

"तोडावं? अहो, सागवान आहे हे." त्यांनी फोन काढला. "माझा सुतार आहे विठ्ठलवाडीला. हात चांगला आहे त्याचा. एक ओरखडा न पाडता काढेल."

"किती वेळ लागेल?"

"येईल तासाभरात."

"तासाभरात? आत बादल्या भरलेल्या आहेत! फायर ब्रिगेडला फोन करा मग!"

"छे छे," ते म्हणाले. "ते कुऱ्हाडी घेऊन येतात."

मी दाराला लाथ मारली. सागवान खरंच उत्तम होतं, हललंही नाही. दुसरी लाथ मारणार तेवढ्यात मालक मध्ये आले. दाराकडे पाठ करून, दोन्ही हात पसरून उभे राहिले. "ऐका माझं. ऐका जरा. मुलांना काही होत नाही. मुलं चिवट असतात. दार पुन्हा असं मिळत नाही."

हे वाक्य त्यांनी शब्दशः उच्चारलं. मी त्यात एका अक्षराची भर घातलेली नाही.

आतून वाळ्यांचा आवाज येईनासा झाला होता. हाका मारल्या, उत्तर नाही. हसू नाही, रडू नाही. मूल रडत असलं तर आईला कळतं काय करायचं. ते गप्प झालं की काही कळत नाही.

मी मालकांचा हात धरून ओढत होते आणि ते दार सोडत नव्हते. एवढ्यात काकू स्वतःच्या घरातून परत आल्या. त्या कधी गेल्या होत्या तेही मी पाहिलं नव्हतं. त्यांच्या हातात खलबत्त्यातला लोखंडी बत्ता होता.

"बाजूला व्हा," त्या म्हणाल्या.

"अगं, काय करतेस?"

"बाजूला व्हा म्हणते ना."

"सागवान आहे गं ते!"

"माहितीये मला काय आहे ते. आयुष्यभर पुसतेय मी."

मालक बाजूला झाले असं मी म्हणणार नाही. काकूंनी बत्ता उचलला तेव्हा ते आपोआप सरकले, जीव सगळ्यांनाच असतो. काकू खाली बसल्या आणि दाराच्या खालच्या फळीवर, जिथे ती चौकटीला मिळते त्या सांध्यावर, घाव घातला. मग दुसरा. दुसऱ्या घावाला मालकांच्या तोंडून आवाज निघाला. मनू आत कोंडली गेल्यापासून त्यांनी काढलेला तो पहिला माणसासारखा आवाज. तिसऱ्या-चौथ्या घावाला फळी उभी चिरली. काकूंनी ती आत ढकलली, खांद्यापर्यंत हात घातला आणि कडी वर ओढली.

मनू पलंगाच्या पलीकडे बसली होती. बादल्यांपर्यंत ती पोचलीच नव्हती. वाटेत तिला कपाटाच्या खालच्या कप्प्यातली खोबरेल तेलाची बाटली सापडली होती. झाकण उघडलेलं, बाटली आडवी, राजस्थानच्या फरशीवर तेलाचं तळं, आणि त्यात ही बया दोन्ही हातांनी लेप देत बसलेली. एवढी रमलेली की आमच्या हाका तिच्या कानांवरही गेल्या नव्हत्या. आम्ही घुसलो तेव्हा तिने वर पाहिलं आणि भोकाड पसरलं, खेळ मोडला म्हणून.

मी तिला उचललं. दोघीही तेलात माखलो. ती निसटेल या भीतीने मी तिथेच खाली बसले. काकू तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. आणि मालक आमच्या शेजारून पुढे गेले. मला वाटलं, मनूला बघायला वाकले. ते फरशीवर वाकले होते. एक बोट तेलात बुडवून त्यांनी ते चोळून पाहिलं.

"मुरेल आता हे," ते म्हणाले.

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्यांच्या हातातला बत्ता त्यांनी फरशीवर ठेवला. ठेवला म्हणजे वरून सोडला.

संध्याकाळी निखिल आला, सगळं शांत झालं, तेव्हा मला ओढणीची पट्टी आठवली. कडीला ती नव्हती. शोधली तर बेडरूमच्या खिडकीत सापडली. कुणीतरी तिची व्यवस्थित चौकोनी घडी केली होती. ती हातात घेऊन मी समोर गेले.

"काका, ही तुम्ही सोडलीत?"

"हो. गाठीने पॉलिश जात होतं."

"मला सांगितलं का नाहीत?"

"घडी करून ठेवली होती की," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरचं आश्चर्य होतं. एवढी टापटीप करूनही माणसं तक्रार करतात, याचं.

आतापर्यंत मी त्यांच्यावर मनातल्या मनात चिडायचे. त्या क्षणी चीडही संपली. ज्याच्यावर चिडावं असं त्या जागी कुणी नव्हतंच. मी मागे वळले तेव्हा ते म्हणाले, "घर कधी खाली करताय?" आम्ही त्याच आठवड्यात कल्याणला जागा पाहिली. भिंती ओलसर, दारं प्लायवूडची, मालक नाशकात. मला ती जागा राजवाड्यासारखी वाटली.

सामान टेम्पोत चढल्यावर मालक शेवटच्या पाहणीला आले, टॉर्च घेऊन. काकूही आल्या होत्या, मनूला निरोप द्यायला. खेळण्यांचा डबा आता नव्हता. उघड्या भिंतीवर तो गोल डाग दुरूनही दिसत होता. मालक टॉर्च न लावताच थांबले.

"हा डाग?"

मी तोंड उघडलं, पण काकू आधी बोलल्या. "तो माझ्या डोक्याचा आहे."

"तुझ्या?"

"मी बसायचे तिथे. रोज दुपारी."

मालक डागाकडे पाहत राहिले, मग काकूंकडे, मग पुन्हा डागाकडे. आपल्या बायकोने इतके महिने आपल्यापासून दुपारी चोरून कुठेतरी जावं, याचा माणसाला धक्का बसू शकतो. त्यांना तो धक्का बसला नव्हता.

"भिंतीला टेकून?" त्यांनी विचारलं.

काकू माझ्याकडे वळून म्हणाल्या, "टेम्पो ठाण्यावरून जाणार का गं तुमचा?"

"नाही काकू, आम्ही कल्याणला. उलट्या बाजूला."

"बरं. मग मी रिक्षाने जाते स्टेशनला."

त्या त्यांच्या घरात गेल्या आणि एक पिशवी घेऊन बाहेर आल्या. पिशवी फार मोठी नव्हती. त्या घरात त्यांच्या मालकीचं असं फारसं काही नसणार.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी काकूंनी आम्हाला नौपाड्याला जेवायला बोलावलं. वृंदाचं घर पहिल्या मजल्यावर, रस्त्यावरच्या रिक्षांचा कलकलाट थेट हॉलमध्ये. भिंतींवर नातीने कमरेच्या उंचीपर्यंत मासे, सूर्य, पोपट आणि ओळखू न येणारी बरीच माणसं काढून ठेवली होती. काकू सोफ्यावर मांडी घालून बसल्या होत्या, उशा मागे घेऊन. अंगाने जरा भरल्या होत्या. मनू "काऊ" करत त्यांच्या अंगावर गेली आणि उतरेचना.

आम्ही पानावर बसणार एवढ्यात बेल वाजली. दारात मालक. कपडे कडक इस्त्रीचे, पण चेहरा उतरलेला, दाढीचे खुंट पांढरे दिसत होते. मला पाहून त्यांनी मान हलवली. मनूकडे पाहून दोन पावलं मागे सरले.

"बसा ना बाबा," वृंदा म्हणाली. "पान वाढते तुम्हालाही."

"नको. मी हिला न्यायला आलोय." ते काकूंकडे न बघता बोलत होते. "बरेच दिवस झाले आता."

काकू मनूला वरणभात भरवत होत्या. त्यांनी घास तिच्या तोंडाजवळ धरला आणि नुसतंच विचारलं, "जेवणाचं काय करता?"

"डबा लावलाय. तो प्रश्न नाही." मालक थांबले. त्यांना बोलणं जड जात होतं. मी त्यांना इतक्या काळात कधी शब्द शोधताना पाहिलं नव्हतं. "घराला माणूस लागतं," शेवटी ते म्हणाले.

वृंदा हातात पोळीचा डबा घेऊन तशीच उभी राहिली. खरं सांगायचं तर माझ्याही मनात आलं, की म्हाताऱ्याला उशिरा का होईना काहीतरी कळलं. काकूंनी घास ताटलीत परत ठेवला. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला.

"कशाला लागतं हो?"

"बंद राहिलं की वास धरतं," मालक म्हणाले. "भिंतींना ओल येते."

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांना हसू फुटलं. आधी नुसतेच खांदे हलले, मग आवाज फुटला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत त्या हसल्या. मनूला काही कळलं नाही, पण तीही टाळ्या वाजवून हसायला लागली. मालक आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहत होते.

काकूंनी पदराने डोळे पुसले.

"मग सकाळी उठून खिडक्या उघडत जा," त्या म्हणाल्या, आणि ताटलीतला घास उचलून मनूला म्हणाल्या, "आ कर बघू."